येळ्ळूर गडावर दोन तास बसून फक्त घारी दिसल्या? मग हे वाच

तू लिहिलंयस की अमेरिकेतल्या हॉक माउंटनचे व्हिडिओ बघून ऑक्टोबरातल्या एका रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडावर जाऊन बसलास, सकाळी सात ते नऊ, आणि वीसेक घारी सोडल्या तर काही दिसलं नाही, म्हणून आता विचारतोयस की आपल्या बेळगाव भागात स्थलांतर करणारे शिकारी पक्षी मोजायला बसायचं तरी कुठे. मी हा उद्योग बरीच वर्षं करतोय, त्यामुळे आधी थोडा निराश करतो आणि मग कामाचं सांगतो.

हॉक माउंटनसारखं इथे काही होणार नाही. तिथे पेनसिल्व्हेनियात डोंगराची लांबच लांब रांग आहे, वारा तिच्यावर आपटून वर चढतो आणि पक्षी त्या वाऱ्यावर फुकटात तरंगत रांगेच्या कडेकडेनं दक्षिणेला जातात. पूर्वी लोक तिथे बसून बंदुकीनं त्यांना टिपायचे, १९३४ मध्ये रोझली एज नावाच्या बाईंनी तो डोंगरच भाड्यानं घेतला आणि शिकार बंद पाडली, तेव्हापासून तिथे मोजणी चालू आहे. मेक्सिकोत व्हेराक्रूझला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला आखात, जॉर्जियात बातुमीला एकीकडे काळा समुद्र आणि दुसरीकडे कॉकेशस. म्हणजे नरसाळं. अंगानं जड शिकारी पक्षी समुद्र टाळतात, कारण पाण्यावर गरम हवा वर चढत नाही आणि मग सतत पंख मारावे लागतात, म्हणून सगळे त्या चिंचोळ्या पट्टीतून जातात आणि व्हेराक्रूझला एका हंगामात चाळीस लाखांवर आकडा जातो. आपल्याकडे तसं नरसाळंच नाही. उत्तरेकडनं येणारे पक्षी अख्ख्या दख्खनवर पसरून येतात आणि त्यातले बरेचसे पुढे जातच नाहीत, इथेच माळावर चार-पाच महिने मुक्काम टाकतात. तेव्हा गडावर बसून आभाळातनं मिरवणूक जाईल म्हणून वाट बघू नकोस.

दुसरी गोष्ट म्हणजे तुझी वेळ चुकली. सात वाजता जमीन गारच असते, त्यात पावसाळा संपत आला की आपल्याकडे सकाळचं धुकं, त्यामुळे गरुडबिरूड झाडावर पंख फुगवून बसलेले असतात. साडेनऊ-दहाला ऊन तापलं की थर्मल, म्हणजे गरम हवेचे झोत, उठतात आणि मग ते वर चढतात. बारानंतर इतके उंच जातात की निळ्या आभाळात दुर्बिणीतनं पण ठिपका सापडत नाही, पांढरा ढग मागं असला तर बरं. म्हणजे साडेनऊ ते बारा हीच खरी वेळ, आणि एखादं सापमार गरुड किंवा बूटेड ईगल दिसलं तर त्यातच दिसेल. बूटेड समोरनं आला तर मानेच्या दोन्ही बाजूला, पंख जिथे सुरू होतात तिथे, गाडीच्या दिव्यासारखे दोन पांढरे ठिपके दिसतात. एकदा बघितलेस की विसरणार नाहीस.

आता घारींचं. मी पहिल्या वर्षी शंभरावर घारी एकाच दिशेनं जाताना मोजल्या, वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, दोघातिघांना फोन करून सांगितलं पण. चार दिवसांनी संध्याकाळी त्याच ठिकाणी थांबलो तर सगळ्या उलट्या दिशेनं परत. कचरा डेपोवर जेवायला जाऊन झाडांवर झोपायला येत होत्या बिचाऱ्या. अजून मित्र ‘घारीचं स्थलांतर’ म्हणून चिडवतात. तेव्हापासून माझा नियम, सकाळी ज्या दिशेनं जाताना मोजलं तिथे संध्याकाळी एकदा तरी उभं राहायचंच.

मग मोजायचं काय? भोवत्या, म्हणजे इंग्रजीत हॅरियर. हे पक्षी मध्य आशिया, कझाकस्तानकडनं येतात, माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या हे दोन मुख्य, पाण्याकाठी दलदली भोवत्या. पश्चिमेकडे जांबोटी-चोर्ल्याच्या जंगलात ह्यांचं काम नाही, त्यांना उघडा माळ आणि गवत लागतं, त्यात नाकतोडे, उंदीर, छोटे पक्षी. म्हणून तू पूर्वेला जा, बैलहोंगल-सौंदत्तीकडे, जिथे काळ्या रानात जोंधळा-हरभरा आहे आणि मधेमधे पडीक माळ शिल्लक आहे. दलदली भोवत्यासाठी धुपदाळचं घटप्रभा अभयारण्य किंवा हिडकलच्या जलाशयाची कड.

ह्यांची गंमत अशी की दिवसभर एकेकटे दहा-दहा किलोमीटर फिरतात पण रात्री सगळे एकाच गवतात जमिनीवर झोपतात. झाडावर नाही, गवतात! मला अशी एक जागा सापडली ती एका धनगर मामांमुळे, ते म्हणाले, ‘सांजेला येऊन बघ, पांढऱ्या घारी खाली उतरत्यात.’ गेलो. पाच वाजता काहीच नाही, साडेपाचला काहीच नाही, मामा बिडी ओढत गप्प बसलेले, मला वाटायला लागलं की मस्करी केली की काय. मग पावणेसहाला एक राखाडी नर गुडघाभर उंचीवरनं, पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून, अजिबात आवाज न करता समोरनं गेला, दोन चकरा मारल्या आणि पाय खाली सोडून गवतात नाहीसा झाला. मागनं दुसरा, मग तपकिरी माद्या दोन. पुढच्या पंचवीस मिनिटांत सतरा. शेवटचे तीन तर नुसते सावल्यांसारखे.

मोजताना सगळे चुकतात ते इथेच, कारण उतरलेला पक्षी शेजारी दुसरा आला की परत उठतो, चक्कर मारतो, पुन्हा बसतो. म्हणून उतरलेले वेगळे लिहायचे, उठलेले वेगळे, शेवटी वजाबाकी. एकानं बघायचं, एकानं लिहायचं. एकटा असशील तर मोबाइलवर बोलून रेकॉर्ड कर, वहीत डोकं घातलंस की दोन निसटलेच म्हणून समज. नराचं सोपं आहे, माँटेग्यूच्या पंखावर काळी पट्टी असते, पांढुरक्याच्या पंखाच्या टोकाला फक्त काळी पाचर. माद्या आणि कोवळे पक्षी मात्र अंधारात ओळखायच्या भानगडीत पडू नकोस, ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या साइटवर, ‘पॅलिड/माँटेग्यू’ (पॅलिड म्हणजे पांढुरका) असा पर्याय आहे तो टाक. त्यात कमीपणा काही नाही. उगाच छाती काढून नाव ठोकणारे मी बरेच बघितलेत, आणि नंतर त्यांच्या याद्या कुणी वापरत नाही.

दोनशे मीटरच्या आत जायचं नाही, टॉर्च नाही, कुत्रं तर नाहीच. आणि जागेचा पिन ग्रुपवर टाकायचा नाही, राव, दुसऱ्या दिवशी दहा कॅमेरे गवतात शिरतात. सांबऱ्याकडे विमानतळाच्या आसपासचा माळ चांगला दिसतो खरा, पण तिथे हवाई दलाचं पण ठाणं आहे, दुर्बीण गळ्यात घालून फिरू नकोस, उत्तरं देत बसावं लागतं.

अमूर ससाण्याचं विचारलंस. नागालँडात दोयांगला जो थवा जमतो तोच पक्षी, सायबेरिया-चीनकडनं निघून दक्षिण आफ्रिकेला जातो, मधे अरबी समुद्र एका दमात ओलांडतो, आणि वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. नोव्हेंबरात तो आपल्या भागावरनं पण जातो पण उंचावरनं आणि बऱ्याचदा रात्री, त्यामुळे नशीब लागतं. ढगाळ, रिमझिम असा नोव्हेंबरातला दिवस असेल आणि माळावर चतुर खूप उडत असतील तर विजेच्या तारा बघत जा. चतुर पण त्याच सुमारास समुद्रावरनं जातात आणि हा त्यांना उडता उडता खातो. मला इतक्या वर्षांत तीनदाच दिसलाय.

आणि शून्य लिहायला शीक. तुझे ते गडावरचे दोन तास वाया गेले असं तुला वाटतंय, पण तारीख, सुरुवात-शेवट, वारा, ढग आणि ‘घारी वीस, बाकी शून्य’ एवढं टाकलं असतंस तर ती नोंद झाली असती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर पंधरा दिवसांनी एकाच जागी, एकाच वेळी जा, नवीन नवीन जागा शोधत पेट्रोल जाळू नकोस. माझ्या त्या सतराच्या गवताचा निम्मा माळ मागच्या वर्षी नांगरला, तरी मी तिथेच उभा राहतो. गेल्या जानेवारीत चार होते.