जंतांमागे आयुष्य घालवून हाती काय लागणार?

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र, आणि तिला हिवतापाच्या परजीवीवर संशोधन करायचंय. नात्यातल्या एका जाणत्यांनी तिला सांगितलं, 'परजीवी वगैरे जुनं झालं, मॉलिक्युलर बायोलॉजी (पेशीतल्या डीएनए-प्रथिनांचा अभ्यास) घे.' आणि तुमचा खरा प्रश्न अगदी शेवटच्या ओळीत आलाय: 'जंतांमागे आयुष्य घालवून हिच्या हाती काय लागणार?'

हिवतापाचा परजीवी जंत नव्हे, एका पेशीचा जीव आहे, एवढं लेकीच्या वतीनं सांगून टाकते.

आता त्या जाणत्यांचं बघू. आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचं मुख्य औषध काही रुग्णांत हळू काम करू लागलं, तेव्हा परजीवीत नेमकं काय बदललं हे कळेना. संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या एका परजीवी वंशाला तब्बल पाच वर्षं या औषधाचे वाढते डोस दिले. त्याचंच एक भावंड औषधाविना वाढवलं. मग दोघांचे जनुकसंच शेजारी ठेवून वाचले, आणि फरक सापडला 'केल्च १३' नावाच्या जनुकात. कंबोडियातल्या रुग्णांच्या नमुन्यांतही याच जनुकात बदल निघाले. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. यातली पाच वर्षं परजीवीशास्त्राची होती आणि वाचन मॉलिक्युलर बायोलॉजीचं. एक सोडून दुसरं घे म्हणायला जागाच कुठे आहे? नुसती तंत्रं शिकलेल्या मुलांना पुढे 'तुझा प्रश्न काय?' असं विचारलं की ती गप्प होतात. तुमच्या लेकीकडे प्रश्न आहे. तंत्रं शिकता येतात.

आणि तंत्रांचाही फार बाऊ नको. नारू हा पिण्याच्या पाण्यातून होणारा जंताचा रोग. त्याचे १९८६ साली जगात वर्षाला सुमारे ३५ लाख रुग्ण होते, अलीकडे ते पंधराच्या आसपास येतात. ना लस, ना औषध. पाणी गाळून प्यायचं आणि रुग्णाला पाणवठ्यात उतरू द्यायचं नाही, मुख्यतः एवढ्यावर हे घडलं.

मला काळजी वाटते ती वेगळीच. तिला हे काम रोज करायला आवडेल का? फाल्सिपॅरम या हिवतापाच्या परजीवीचं लाल रक्तपेशीतलं चक्र ४८ तासांचं. सगळे परजीवी एका वयाचे करून घेतले की ते पेशी फोडून बाहेर पडण्याची वेळ ठरते, आणि ती रात्री दोनची असली तर रात्री दोनला प्रयोगशाळेत असावं लागतं. परजीवी रविवार पाळत नाही. रोज काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढायचा, जिम्साच्या रंगात बुडवायचा आणि मायक्रोस्कोपखाली हजारभर लाल पेशी मोजून कितींमध्ये ती इवलीशी खड्याची अंगठी दिसते ते लिहायचं. काहींना यात ध्यान लागतं, काहींची मान धरते.

मी स्वतः अशा कामातून बाहेर पडलेली. एकदा पीसीआरच्या (डीएनएच्या असंख्य प्रती काढायच्या तंत्राच्या) जेलवर, जिथे नुसतं पाणी घातलं होतं त्या रकान्यातही पट्टा उमटला. म्हणजे आधीचे सगळे निकाल संशयात. तीन आठवडे शोधल्यावर कळलं, पाण्याची बाटली मीच दूषित केली होती. बाजूची मैत्रीण अशा वेळी खुशाल नव्यानं सुरुवात करायची. मला रडू यायचं. फरक हुशारीचा नव्हता.

वर्षांचा हिशेब स्पष्ट सांगते. एम.एस्सी. दोन, पीएच.डी. साधारण पाच-सहा, त्यापुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधन, दोन ते चार. कायमच्या नोकरीपर्यंत तिशी ओलांडते आणि विद्यापीठांतल्या जागा उमेदवारांपेक्षा कितीतरी कमी असतात. पण हीच कौशल्यं निदानाची किट, लस, औषधचाचण्या आणि साथींवरची जनुकीय नजर अशा कामांतही लागतात. हिवतापावरच्या पहिल्या लशीची जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केली २०२१ मध्ये, दुसरीची २०२३ मध्ये. क्षेत्र जुनं झालेलं नाही.

यंदा तिनं दोन गोष्टी कराव्यात. संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रामिंग शिकायला घ्यावं, कारण जनुकसंच डोळ्यांनी वाचत नाहीत. आणि सुट्टीत दोन महिने एखाद्या परजीवी प्रयोगशाळेत, काचेची भांडी धुवायला मिळाली तरी, जावं. 'हो' की 'नाही' ते त्यानंतर ठरवा.

पुढे पीएच.डी.साठी गाईड बघाल तेव्हा नावाजलेपणावर जाऊ नका. तिथून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना तिला फोन करू दे. विचारायचं एवढंच: पीएच.डी. किती वर्षांत झाली, आणि पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागलं?