साप पाळते, हात लावत नाही

तुम्ही विचारलंय की ऑस्ट्रेलियात लोक जहाल विषारी साप छंद म्हणून घरी ठेवतात हे खरं का, त्यात आनंद कसला, साप आपल्या माणसाला ओळखतो का, आणि भारतात असं काही करता येईल का.

खरं आहे. मेलबर्नच्या पश्चिमेला आमच्या घरात असे चार साप आहेत. दोन डेथ ॲडर, एक रेड-बेली म्हणजे लाल पोटाचा काळा साप, आणि एक कॉलेट्स स्नेक. मी मूळची देवरुखची. गडग्याच्या दगडांत हात घालू नको, फुरसं असेल, हे ऐकतच मोठी झाले. गेल्या वर्षी आई इथे आली तेव्हा तिने महिनाभर त्या खोलीचं नावही घेतलं नाही. दिवेलागणीनंतर तर ती ‘लांबडं’ एवढंच म्हणायची.

आनंद कसला, हे सांगायला डेथ ॲडरपासून सुरुवात करते. हा जेमतेम पाऊण मीटरचा, पण अंगाने जाड, मान बारीक, डोकं त्रिकोणी. घोणस पाहिलेल्या कुणालाही तो तिचा भाऊच वाटेल. पण ऑस्ट्रेलियात घोणस-फुरशाच्या कुळातला एकही साप नाही. इथले जमिनीवरचे सगळे जहाल साप नाग आणि मण्यारीच्या कुळातले. पाचोळ्यात दबा धरून बसायची घोणशीची जागा इथे रिकामी होती. लाखो वर्षांत मण्यारीच्या या नातलगाने ती घेतली आणि घेता घेता घोणशीसारखाच दिसू लागला. फक्त त्याच्या शेपटीचं टोक बाकी अंगाशी जुळत नाही. बारीक, फिकट, अगदी अळीसारखं.

जानेवारीतली एक संध्याकाळ. मी उंदीर कोमट पाण्यात ठेवला होता आणि त्याचा वास खोलीभर झाला होता. पेटीत निलगिरीच्या सुक्या पानांचा थर, त्यातून फक्त दोन डोळे वर. वेटोळं असं जमवलेलं की शेपटीचं टोक तोंडापुढे चार बोटांवर. मग ते टोक हललं. आधी नुसता कंप, मग थांबलं. पुन्हा दोन वळणं घेतली, पान ओलांडून गेल्यासारखी, आणि पुन्हा थांबलं. बाकी सगळा साप दगड झालेला. रानात एखादा सरडा ती अळी टिपायला येतो आणि ॲडरच्या तोंडाशी पोचतो. मी काचेबाहेर स्टुलावर बसून अर्धा तास ते बघत होते. शेवटी लांब चिमट्याने उंदीर पुढे केला. झडप मला दिसलीच नाही, चिमट्याला हिसका बसला तेव्हा कळलं.

हा आनंद. दुसरा कसला नाही. त्याला गळ्यात घालायचं नसतं, मिठीत घ्यायचं नसतं. असा प्राणी तीन फुटांवरून, रोज, वर्षानुवर्षं बघायला मिळतो आणि प्रत्येक ऋतूत तो थोडा वेगळा कळतो. मेलबर्नची थंडी जूनमध्ये सुरू झाली की मी पेट्यांची उष्णता उतरवते. दोन-अडीच महिने ते काही खात नाहीत, मीही त्यांना काही देत नाही. एरवीही ॲडरला दोन-तीन आठवड्यांनी एक उंदीर पुरतो. हौसेपोटी जास्त खायला घालून पुष्कळ जण या सापाला लठ्ठ करून मारतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

रेड-बेलीची गोष्ट वेगळी. कात टाकल्यावर त्याचा काळा रंग तेल पाजलेल्या शिसवीसारखा दिसतो आणि कडेच्या खवल्यांतून लाल रंग आत पोटाकडे फिका होत जातो. रानात याचं मुख्य खाणं बेडूक. पिल्लं उंदराला तोंडच लावत नाहीत. मी माझं पिल्लू आणलं तेव्हा दीड महिना उंदराच्या पिलाला छोट्या माशाचा वास चोळून द्यावा लागला, मग हळूहळू मासा कमी करत नेला. 1935 साली क्वीन्सलँडमध्ये उसावरचे भुंगे आटोक्यात आणायला दक्षिण अमेरिकेतला केन टोड आणून सोडला. तो बेडकासारखा दिसतो, पण विषारी. त्याला गिळून रेड-बेली मोठ्या संख्येने मेले. पुढे संशोधकांना दिसलं की टोड जिथे आधी पोचले, तिथल्या सापांची डोकी अंगाच्या मानाने लहान झाली आहेत. लहान तोंडात जीवघेण्या आकाराचा टोड मावतच नाही, म्हणून तेवढे साप जगले आणि त्यांचीच पिल्लं वाढली. सत्तरेक वर्षांत एवढा बदल! मी पेटीपुढे बसते तेव्हा हे सगळं डोक्यात असतं.

लोकांना आधी ऐकायचं असतं ते इनलँड तायपॅनबद्दल. उंदरांवरच्या चाचण्यांत जमिनीवरच्या सापांपैकी सगळ्यात जहाल विष त्याचं, हे बरोबर. पण तो क्वीन्सलँडच्या नैर्ऋत्येला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, जिथे माणूसच विरळा, अशा भेगाळलेल्या मातीच्या पट्ट्यात राहतो आणि बुजरा असतो. 1879 मध्ये त्याचं वर्णन झालं, आणि मग 1972 पर्यंत तो शास्त्रज्ञांच्या हातून जवळजवळ हरवलाच होता. इथे माणसं जास्त दगावतात ती ईस्टर्न ब्राउन या सापामुळे. तो शेतात, गावांच्या कडेला उंदरांमागे येतो. त्याचे विषदंत तीनेक मिलिमीटरचे, चावा पुष्कळदा नीट दिसतही नाही, आणि विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकतं. मी ब्राउन ठेवत नाही. परवान्यात बसतो, पण माझ्या हातांत तेवढा वेग नाही, हे मला माहीत आहे.

आता कायदा आणि कुलपं. इथे हे कुणीही उठून करू शकत नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, विषारी सापांना ॲडव्हान्स्ड परवाना लागतो. साप परवानाधारकाकडूनच घ्यायचा, रानातला पकडायचा नाही, आणि आला-गेला-जन्मला-मेला याची नोंदवही ठेवायची. मी आधी सहा वर्षं अजगर सांभाळले. मग एका जुन्या जाणत्या माणसाकडे दर शनिवारी जाऊन नुसती बादली धरायला उभी राहायचे. आमच्या खोलीला दोन कुलपं आहेत, दाराखालची फट ब्रशच्या पट्टीने बंद आहे, जमिनीवर एकही वस्तू नाही. प्रत्येक पेटीवर सापाचं नाव आणि त्याला लागणारं प्रतिविष मोठ्या अक्षरांत लिहिलंय, कारण मी बोलू शकत नसेन तेव्हा रुग्णवाहिकेतल्या माणसाला ते वाचता आलं पाहिजे. इथे ब्राउन, टायगर स्नेक, ब्लॅक (काळे साप), डेथ ॲडर आणि तायपॅन अशी सापांनुसार वेगवेगळी प्रतिविषं आहेत. रेड-बेलीच्या दंशाला टायगरचंही चालतं.

एकदा चुकले. तिसरं वर्ष होतं, रात्रपाळी करून सकाळी आले आणि रेड-बेलीचं पाण्याचं भांडं कोरडं दिसलं. साप पेटीतल्या झाडाच्या सालीखाली असणार असं गृहीत धरून मी काच सरकवली आणि हात आत घातला. आदल्या रात्री उंदीर हाताळले होते. साल हलली नाही, साप भांड्यामागून आला. मनगटापासून वीतभर अंतरावर त्याचं तोंड थांबलं, जीभ दोनदा आत-बाहेर झाली. मी हात मागे घेतला नाही, कारण झटका दिला असता तर त्याने तो पकडलाच असता. पाच-सहा सेकंद गेले असतील. तो वळला. मी काच लावली, कुलूप लावलं आणि ओट्याशी उभी राहून रडले. त्या दिवसापासून साप डोळ्यांना दिसत नसेल तर काच उघडायची नाही, आधी साप उचलायच्या लांब हुकने त्याला झाकणाच्या बादलीत घ्यायचं, बादलीचं झाकण बसलं की मगच हात पेटीत. आणि रात्रपाळीनंतर खोलीच उघडायची नाही.

माझा नवरा त्या खोलीत पाऊल ठेवत नाही, पण पट्टी बांधायची तालीम त्याने कधी चुकवली नाही. दर दोन महिन्यांनी जेवणाच्या टेबलावर मी हात पसरून बसते आणि तो घड्याळ लावून बांधतो. रुंद लवचीक पट्टी आधी दंशाच्या जागेवर, मग बोटांपासून वर खांद्यापर्यंत, मुरगळलेल्या पायाला बांधतो तेवढी घट्ट, आणि वर फळी. मग हलायचं नाही, पाणी प्यायलाही उठायचं नाही, 000 या इथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन. इथल्या सापांचं विष बरंचसं लसिकेतून, म्हणजे अंगात रक्ताखेरीज फिरणाऱ्या पातळ द्रवातून, पसरतं आणि लसिका स्नायू हलले की सरकते. 1970 च्या दशकाच्या अखेरीस मेलबर्नला स्ट्रुअन सदरलँड यांनी ही पद्धत बसवली, आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण हीच पट्टी घोणस किंवा फुरशाच्या दंशाला बांधा असं मी सांगणार नाही. त्यांचं विष जागच्या जागी मांस कुजवतं, तिथे ते दाबून धरणं घातक ठरू शकतं. कोकणात कुणाला चावलं तर हात-पाय स्थिर ठेवून सरळ दवाखाना गाठा.

आणखी एक धोका बाहेरच्यांना माहीत नसतो. वर्षानुवर्षं सापांत राहणाऱ्या काहींना विषाचीच ॲलर्जी होते. मग पेटी साफ करताना शिंका येतात, डोळे चुरचुरतात, आणि पुढे एखादा दंश झाला तर विष चढायच्या आधी ॲलर्जीनेच माणूस जाऊ शकतो. म्हणून मी मास्क घालून साफ करते.

कॉलेट्स स्नेकबद्दल एक गोष्ट मला सतत टोचते. क्वीन्सलँडच्या मध्यभागातल्या काळ्या मातीच्या सपाटीवरचा हा गुलाबी पट्ट्यांचा देखणा साप. रानात त्याने कुणाला चावल्याची नोंद नाही. जेवढे दंश नोंदले गेले, ते त्याला पाळणाऱ्यांना. म्हणजे त्याच्या हिशेबात धोका आम्हीच निर्माण केला. तो माणसाळलेला वाटतो, खाण्यासाठी पुढे पुढे येतो आणि लोक हुक बाजूला ठेवतात.

तरीही हा छंद नुसता हौसेचा आहे असं मी मानत नाही. 1950 साली क्वीन्सलँडमधल्या केर्न्सजवळ केव्हिन बडन नावाच्या वीस वर्षांच्या हौशी तरुणाने तायपॅन (इनलँड नव्हे, त्याचा किनाऱ्याकडचा भाऊ) जिवंत पकडला, कारण त्याच्या विषाशिवाय प्रतिविष करता येत नव्हतं. पिशवीत घालताना साप चावला. सापाला मारू नका, मेलबर्नला पाठवा, हा त्याचा आग्रह होता. दुसऱ्या दिवशी तो गेला. साप मेलबर्नला पोचला, विष काढलं गेलं, 1955 मध्ये प्रतिविष तयार झालं आणि त्याच वर्षी केर्न्समधल्या एका शाळकरी मुलाचा जीव त्याने वाचवला. बडनचं नाव इथल्या आम्हा साप ठेवणाऱ्यांमध्ये फार आदराने घेतलं जातं.

भारतात करता येईल का? नाही, आणि कृपा करून करू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली नाग, घोणस घरी ठेवणं गुन्हा आहे. ऑस्ट्रेलिया आपल्या जिवंत सापांची व्यापारी निर्यात होऊ देत नाही. आणि भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठी बनतं, तायपॅनपुढे ते निरुपयोगी. इथे वर्षाला सरासरी दोन-तीन माणसं सर्पदंशाने जातात. भारतात 2000 ते 2019 या काळात वर्षाला सरासरी 58,000 गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तुम्हाला सापांची खरंच ओढ असेल तर एखाद्या अनुभवी सर्पमित्रासोबत फिरा. पण जो नाग हातात धरून फोटो काढतो, त्याच्यासोबत नको. जो हात न लावता साप बरणीत घेतो, तो शोधा.

राहिला ओळखण्याचा प्रश्न. साप मला ओळखत नाही. दार उघडल्याचा कंप त्याला जाणवतो, उंदराचा वास कळतो, आणि त्या दोन्हींचा मेळ कधीतरी खाण्याशी बसतो. मी महिनाभर देवरुखला गेले तर त्याचं काही अडत नाही. मी मात्र त्याला ओळखते. परवापासून रेड-बेलीचे डोळे दुधाळ झालेत, म्हणजे आठवड्याभरात कात टाकेल. तोवर त्याला नीट दिसत नाही आणि तो चटकन बिथरतो, म्हणून पेटी उघडायची नाही. पाण्याचं भांडं काल काठोकाठ भरून ठेवलंय.