खोड चिरून बघ

चि.,
अनेक आशीर्वाद.

परवा रामबागेत तुझी आई भेटली. तू कीटकांच्या चेतासंस्थेवर पीएचडी करणार हे ऐकून फार आनंद झाला.

एक गोष्ट आत्ताच मनात पक्की कर. कीटक म्हणजे माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. आपल्या स्नायूला आकुंचनाचा निरोप ॲसिटिलकोलीन हे रसायन देतं, माशीच्या स्नायूला ग्लुटामेट हे दुसरं रसायन. मेंदूत नेमकं उलट: तिथे उत्तेजनाचं मुख्य काम आपल्याकडे ग्लुटामेट करतं, कीटकांत ॲसिटिलकोलीन. म्हणून उंदरावरचे निष्कर्ष माशीला सरसकट लावू नकोस.

आपल्या इंदूरकडच्या माळव्यातच बघ. पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याला खोड पोखरणाऱ्या खोडमाशीपासून बचावासाठी थायामेथोक्झाम हे कीटकनाशक चोळतात. ते कीटकाच्या निकोटिनिक रिसेप्टरला, म्हणजे ॲसिटिलकोलीनचा निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट चिकटतं, म्हणून आपल्याला त्या मानानं धोका कमी. पण मधमाशीकडेही तोच रिसेप्टर आहे! युरोपीय संघानं 2018 साली यासह निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन कीटकनाशकांच्या उघड्या शेतातल्या वापरावर बंदी घातली, ती मधमाश्यांसाठीच.

आणि रिसेप्टर बदलतोही. फळमाशीच्या गाबा रिसेप्टरमध्ये (चेतापेशीला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा निरोप झेलणाऱ्या प्रथिनात) एका ॲलनिनच्या जागी सेरीन आलं की डिल्ड्रिन हे कीटकनाशक निष्प्रभ होतं, हे 1993 मध्ये दाखवलं गेलं. एवढ्या मोठ्या प्रथिनात एक अमिनो आम्ल! मला आजही याचं नवल वाटतं.

तू बहुधा झेनोपस बेडकाच्या अंडपेशीत कीटकाच्या रिसेप्टरचा आरएनए टोचून, म्हणजे पेशी तो रिसेप्टर स्वतः बनवते, आणि दोन इलेक्ट्रोड घालून विद्युतप्रवाह मोजशील. पेशी अठरा अंशांच्या आसपास ठेवाव्या लागतात. इंदूरच्या मे महिन्यात इन्क्युबेटरला इन्व्हर्टरची जोड हवीच. औषध न घातलेला द्रावक प्रत्येक पेशीवर आधी सोडून बघ, कंटाळा करू नकोस. पडद्यावरची रेघ सुरेख झुकली तरी ते त्या पेशीचं उत्तर आहे, शेतातल्या किडीचं नव्हे. तिच्या शरीरात औषध मोडणारी एन्झाइम्स असतात, वर जाड कातडं असतं.

म्हणून श्रावणात घरी आलीस की खंडवा रोडच्या बाजूला एखाद्या ओळखीच्या शेतात जा. मलूल झालेलं सोयाबीनचं झाड उपट, ब्लेडनं खोड उभं चीर. आत लालसर नागमोडी बोगदा दिसेल, त्यात पिवळट अळी. तिला भिंगाखाली ठेव, सुईनं हलकेच डिवच, अंग कसं आकसतं ते पाहा आणि वहीत लिही. मग मला दाखव.

तुझे सर