दोन चाचण्यांची उत्तरे जुळत नाहीत तेव्हा

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा सिनॉप्सिस (आराखडा) दोनदा वाचला. गर्भाशयमुखाच्या नमुन्यांतील एचपीव्हीचे, म्हणजे तिथल्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूचे, प्रकार ओळखणाऱ्या दोन चाचण्यांची तुलना हा विषय चांगला आहे, आणि म्हसरूळच्या आपल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात त्याला कोणी हरकत घेईल असे वाटत नाही. परंतु 'कोणती चाचणी अधिक अचूक आहे हे ठरवणे' असा जो उद्देश तू पहिल्याच पानावर लिहिला आहेस तो मला खटकला, कारण या चाचण्या मुळात एकच प्रश्न विचारत नाहीत.

हायब्रिड कॅप्चर २ ही चाचणी 13 घातक प्रकारांपैकी एखादा तरी आहे का, एवढेच सांगते. कोणता आहे ते सांगत नाही. तरीही आपल्याच राज्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच चाचणीच्या एका फेरीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले. कोबास 4800 या चाचणीत 16 आणि 18 हे प्रकार वेगळे कळतात, बाकीचे 12 एकाच गठ्ठ्यात येतात. लिनिअर अ‍ॅरेच्या चाचणी-पट्टीवर मात्र 37 प्रकार वाचता येतात. आपल्या निफाड-दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार निर्यातीआधी फवारणीच्या अवशेषांची तपासणी करून घेतो, तेव्हा प्रयोगशाळेच्या यादीत नसलेल्या औषधाबद्दल त्या अहवालावरून काहीच म्हणता येत नाही, हे त्याला ठाऊक असते. तुझ्या तक्त्यातही हाच विवेक हवा: दोन्ही चाचण्यांना समाईक असलेले प्रकारच समोरासमोर ठेव, आणि जिथे एक चाचणी गठ्ठा सांगते तिथे दुसरीचे प्रकारही त्याच गठ्ठ्यात बांधून मग तुलना कर.

प्रायमरचा, म्हणजे डीएनएचा नेमका कोणता तुकडा वाढवायचा हे ठरवणाऱ्या छोट्या साखळ्यांचा, भाग तू दोन ओळींत उरकला आहेस. तिथे थांबायला हवे होते. एमवाय 09/11 हे प्रायमर विषाणूच्या एल1 जनुकाचा सुमारे 450 बेस-जोड्यांचा तुकडा वाढवतात, जीपी5+/6+ सुमारे 150 चा, आणि एसपीएफ10 अवघ्या 65 चा. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या, मेणाच्या ठोकळ्यातील ऊतींमध्ये डीएनएचे तुकडे झालेले असतात, म्हणून तिथे लांब तुकडा मागणारी चाचणी हरते. विषाणू नव्हता असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय विषाणूचा डीएनए पेशीच्या गुणसूत्रात मिसळताना एल1 चा भाग कधी कधी गळून जातो, ई6 आणि ई7 ही त्याची जनुके सहसा टिकतात. त्यामुळे एल1 शोधणारी आणि ई6-ई7 शोधणारी चाचणी यांची उत्तरे जुळली नाहीत, तर कोणाला खोटे ठरवण्याआधी त्या स्त्रीचा पॅथॉलॉजीचा अहवाल पाहा.

प्रकार 52 ची गोष्टही लक्षात ठेव. लिनिअर अ‍ॅरेमध्ये 52 साठी स्वतंत्र रेघ नाही; 33, 35, 52 आणि 58 यांची एक सामाईक रेघ असते, आणि 33, 35 किंवा 58 ची स्वतःची रेघ आधीच उमटली असेल तर 52 आहे की नाही हे पट्टीवरून सांगता येत नाही. अशा नमुन्यांना '52 निगेटिव्ह' लिहिणे ही चूक आहे, आणि ती मी छापील लेखांतही पाहिली आहे. सिक्वेन्सिंगला (डीएनएचा अक्षरक्रम वाचण्याला) 'गोल्ड स्टँडर्ड', म्हणजे अंतिम कसोटी, म्हणण्याचा मोहही टाळ: एकाच नमुन्यात दोन-तीन प्रकार असले की सिक्वेन्सिंगच्या साध्या सँगर पद्धतीत आलेखावरची शिखरे एकमेकांवर चढतात आणि बहुधा ज्याचे प्रमाण जास्त तोच वाचला जातो.

माझी एक चूक सांगतो. उमेदवारीच्या काळात अशाच एका तुलनेत आम्ही पहिली चाचणी नेहमी ताज्या नमुन्यावर आणि दुसरी गोठवून वितळवलेल्या नमुन्यावर करत गेलो. दुसरी चाचणी कमी पडली असे निष्कर्षही लिहून झाले. मग एका ज्येष्ठ तंत्रज्ञाने शांतपणे विचारले, की क्रम उलटा केला असता तर? ते काम कपाटातच राहिले. तू एकाच वेळी काढलेल्या अर्कातून दोन्ही चाचण्या कर आणि बीटा-ग्लोबिनसारखे मानवी जनुक न सापडलेले, म्हणजे ज्यांत तपासण्याजोगा डीएनएच नाही असे, नमुने 'निगेटिव्ह' न धरता 'अपात्र' म्हणून वेगळे काढ.

आता आकडेमोड. समजा 200 नमुन्यांत प्रकार 45 पहिल्या चाचणीत 4 वेळा, दुसरीतही 4 वेळा सापडला, पण दोन्ही चाचण्यांनी पॉझिटिव्ह म्हटलेले नमुने फक्त 2 आहेत. एकूण जुळणी 98 टक्के निघते आणि परीक्षक खूश होतात; पण निदान एका चाचणीने पॉझिटिव्ह म्हटलेल्या 6 नमुन्यांपैकी 2 वरच एकमत आहे, आणि कप्पा (योगायोगाने होणारी जुळणी वगळून काढलेला निर्देशांक) 0.49 च्या आसपास येतो. म्हणून प्रत्येक प्रकारासाठी पॉझिटिव्ह जुळणी स्वतंत्र दे आणि न जुळलेल्या जोड्यांना मॅकनेमार ही संख्याशास्त्रीय चाचणी लाव.

आणखी एक भेद उद्देशातच यायला हवा. अत्यल्प विषाणू पकडणे हे साथरोगाच्या किंवा लशीच्या अभ्यासात मोलाचे असते. पण तपासणी शिबिरात तेच आपोआप बरे होणाऱ्या संसर्गांसाठी स्त्रियांना कॉल्पोस्कोपीला (भिंगातून गर्भाशयमुख तपासण्याला) पाठवत राहते. म्हणूनच 2009 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत तीस वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीसाठी नव्या चाचणीची सीआयएन2 (कर्करोगपूर्व मध्यम बदल) किंवा त्यापुढील बदल ओळखण्याची संवेदनशीलता हायब्रिड कॅप्चर २ च्या निदान 90 टक्के, तर विशिष्टता (असे बदल नसलेल्यांना निगेटिव्ह ठरवण्याची क्षमता) तिच्या निदान 98 टक्के असावी असे ठरले. तुझे नमुने शिबिरातले आहेत की कर्करोगाच्या रुग्णांचे, हे मला सिनॉप्सिसमध्ये कुठेच सापडले नाही.

उद्देश बदलून लिही आणि पुढच्या आठवड्यात येताना न जुळलेल्या नमुन्यांची यादी वेगळ्या कागदावर आण; जुळलेले नंतर पाहू.

तुझा हितचिंतक