ईजीएफआर वाढलंय, मग फुफ्फुसाच्या कॅन्सरची गोळी ब्रेन ट्यूमरला का देत नाहीत?

काकांच्या ग्लायोब्लास्टोमाच्या (मेंदूतला वेगाने वाढणारा कॅन्सर) रिपोर्टमध्ये ईजीएफआर ॲम्प्लिफाइड, म्हणजे त्या जीनच्या कॉपी खूप वाढलेल्या, आलंय आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये त्यावर गोळी चालते तर इथे का नाही, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. माझी बरीच वर्षं असेच रिपोर्ट बघण्यात गेलीत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ईजीएफआर हा पेशीच्या पडद्यावरचा रिसेप्टर. बाहेरून ग्रोथ फॅक्टर येऊन चिकटला की आतल्या प्रथिनांच्या साखळीतून निरोप जातो, पीआयथ्रीके, मग एकेटी, मग एमटॉर, आणि पेशी वाढायला लागते. फुफ्फुसात बिघाड असतो तो रिसेप्टरच्या आतल्या भागात आणि एर्लोटिनिब, जेफिटिनिब ह्या गोळ्या तिथेच नीट बसतात. ग्लायोब्लास्टोमात मात्र बिघाड बहुतेक वेळा बाहेरच्या भागात, उदाहरणार्थ व्ही-थ्री प्रकारात जीनचे एक्झॉन (तुकडे) २ ते ७ गायबच असतात आणि ग्रोथ फॅक्टर नसला तरी निरोप चालूच राहतो. दोन्ही गोळ्या ह्या ट्यूमरमध्ये वापरून झाल्यात हो, पण म्हणावा तसा उपयोग झाला नाही. त्यात रक्तातून मेंदूत औषध पुरेसं पोचत नाही ते वेगळंच.

फिश टेस्टची (ह्यात जीनची प्रत्येक कॉपी चमकत्या ठिपक्यासारखी दिसते) स्लाइड बघितली की पटतं. नॉर्मल पेशीत ईजीएफआरचे दोन ठिपके, इथे न्यूक्लियसभर नुसता सडा पडलेला, मोजता येत नाही. ह्या जास्तीच्या कॉपी बऱ्याचदा क्रोमोसोमवर नसतातच, डीएनएच्या सुट्या गोल कड्या असतात आणि एका पेशीच्या दोन होताना त्यांची समान वाटणी होत नाही, एकीला ढीगभर, दुसरीला चार. गोळी दिली की कमीवाल्या तगतात. शिवाय शेजारच्याच पेशीत ईजीएफआरऐवजी पीडीजीएफआर हा दुसराच रिसेप्टर वाढलेला असू शकतो, आणि पीटेन हा खालचा ब्रेक गेलेला असेल तर वरून कितीही दाबा, एकेटी थांबत नाही. २००८ च्या टीसीजीए ह्या कॅन्सरच्या जीन्सच्या मोठ्या प्रकल्पाच्या अभ्यासात ८८ टक्के ग्लायोब्लास्टोमात निरोपाच्या ह्या वाटेवर कुठे ना कुठे बिघाड सापडला होता.

म्हणून सगळंच अडलंय असं नाही. बीआरएएफ जीनमधला व्ही६००ई हा बदल निघाला तर डॅब्राफेनिब-ट्रामेटिनिब ही औषधांची जोडी आहे, आयडीएच ह्या जीनमध्ये म्युटेशन असलेल्या ग्रेड २ (हळू वाढणाऱ्या) ब्रेन ट्यूमरसाठी व्होरासिडेनिब ह्या गोळीला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ईजीएफआर वाढलेल्यात आयडीएच सहसा नॉर्मलच असतं. तुमच्या रिपोर्टमध्ये एमजीएमटी मिथायलेटेड (म्हणजे डीएनए दुरुस्त करणारा हा जीन बंद पडलेला) लिहिलंय का ते आधी बघा, टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी किती लागू पडेल ह्याचा अंदाज त्यावरून येतो, आणि बीआरएएफ तपासलंय का हे ऑन्कॉलॉजिस्टना नक्की विचारा.