एरोइकाला जावं का, आणि कुठल्या मार्गावर?

तुमचा प्रश्न मला असा समजला: सप्टेंबर-ऑक्टोबरात कामानिमित्त म्युनिकला असणार आहात, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इटलीत तस्कनीमधल्या गायोलेला होणारी एरोइका ही जुन्या सायकलींची फेरी करायचं मनात आहे, सोबतचा मित्र 135 किमीच्या मार्गासाठी हटून बसलाय. पुण्यात शनिवार-रविवारी कार्बनच्या सायकलवर 60-70 किमी होतात, जुनी सायकल कधी चालवलेली नाही आणि तुम्ही वाईन घेत नाही.

जरूर जा. पण 135 नको. 80 किमीच्या आसपासचा जो मार्ग असतो तो घ्या, आणि मित्रालाही त्यावरच आणा. तुमच्या दमाबद्दल मला शंका नाही. 135 करण्याइतका दम तुमच्यात असेलही. मी 80 म्हणते त्याचं कारण सायकल आणि रस्ता.

आधी रस्त्याबद्दल, कारण हा सगळा उपक्रमच रस्त्यासाठी उभा राहिला आहे. कियांतीच्या डोंगरांत आणि सिएनाच्या दक्षिणेला द्राक्षमळ्यांतून, ऑलिव्हच्या बागांतून जाणारे पांढरे कच्चे रस्ते आहेत. बारीक चुनखडी दाबून केलेले. एकेक करून ते डांबराखाली जात होते. गायोलेच्या जांकार्लो ब्रोची यांनी 1997 मध्ये पहिली एरोइका भरवली ती हे रस्ते वाचावेत म्हणून. त्या वर्षी 92 जण आले होते, आता हजारो येतात आणि सगळ्यांना जागाही मिळत नाही. पुढे 2007 मध्ये याच रस्त्यांवर व्यावसायिकांची शर्यत सुरू झाली. आज ती स्त्रादे बियांके या नावाने सगळ्या जगाला माहीत आहे. पांढऱ्या रस्त्यांना आता मोल आलंय, त्यांच्यावर डांबर ओतणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. सायकलवाल्यांनी भूप्रदेशाचं इतकं भलं केल्याची उदाहरणं मला फारशी माहीत नाहीत, म्हणून या कार्यक्रमाबद्दल मला मनापासून आदर आहे.

यात वेळ लावत नाहीत, क्रमांक काढत नाहीत. हातात एक कार्ड मिळतं आणि वाटेतल्या ठाण्यांवर, म्हणजे खाण्यापिण्याच्या थांब्यांवर, त्यावर शिक्के मारून घ्यायचे. त्यामुळे मोठं अंतर निवडून कुणाला काही दाखवायचं नसतं. मोठ्या अंतरावर दुपारनंतर घड्याळाकडे बघत बसावं लागतं, आणि ज्या ठाण्यांवर निवांत बसायला हवं तिथून घाईने उठावं लागतं. एवढ्या लांब जाऊन ते का करायचं?

आता सायकल. तुमची कार्बनची सायकल तिथे चालणार नाही, हा नियम पक्का आहे. 1987 च्या आधी बनलेली रस्त्यावरची शर्यतीची सायकल हवी. गिअरचे दांडे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलबारच्या बाहेरून मोकळ्या जाणाऱ्या, पॅडलना टो क्लिप (बुटाचं टोक अडकवायची चौकट) आणि पट्टे. जुन्या धाटणीची नवी पोलादी सायकलही काही अटींवर घेतात. आजच्या पॅडलमध्ये अडकणारे क्लीटवाले बूट घरीच राहू द्या. सपाट, कडक तळव्याचे साधे बूट पुरतात. कपडेही जुन्या वळणाचे अपेक्षित असतात, लोकरीची जर्सी मिळाली तर उत्तम. सकाळच्या गारठ्यात ती खरंच उपयोगी पडते. डोक्याला मात्र आजचं, नीट बसणारं हेल्मेटच घाला. तिथे कित्येक जण जुन्या चामडी पट्ट्यांच्या टोप्या घालून दिसतील, त्यांचं बघून तुम्ही तसं करू नका.

गायोलेत आणि आसपासच्या गावांत जुन्या सायकली भाड्याने मिळतात, पण त्या आठवड्यासाठी महिनोन् महिने आधी ठरवाव्या लागतात. ठरवताना लोक रंग आणि कंपनी विचारतात. तुम्ही दातांची संख्या विचारा. सगळी गोम तिथे आहे.

तुमच्या सायकलला पुढे 34 आणि मागे 32 दात असतील, तर सगळ्यात हलक्या गिअरवर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण सव्वादोन मीटर पुढे जाते. त्या काळच्या शर्यतीच्या सायकलला पुढे छोटं चक्र 42 दातांचं आणि मागे फार तर 24 दात. म्हणजे एका फेऱ्यात साडेतीन मीटरहून जास्त. सिंहगडाचा घाट अशा गिअरवर चढायचा आहे अशी कल्पना करा, आणि तोही डांबरावर नव्हे. चढावर उभं राहून जोर लावायची आपली सवय असते. सुट्या खडीवर उभं राहिलात की मागच्या चाकावरचा भार जातो, चाक जागच्या जागी फिरतं आणि तुम्ही थांबता. म्हणजे बसूनच चढायचं, आणि बसून चढायचं तर हलका गिअर हवा. मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) जास्त दातांचं बसवलं तर कुणी हरकत घेत नाही, त्यामुळे भाड्याने देणाऱ्याला स्पष्ट विचारा: मागे 28 आहे का? पुढे 42 पेक्षा लहान चक्र मिळेल का? नाही म्हणाला तर दुसरा बघा. आणि एखादा चढ नाहीच जमला तर उतरून चालायचं. सायकल हातात धरून चढणारे तिथे खूप असतात, त्यात कमीपणा कुणी मानत नाही.

गिअर बदलताना टक असा आवाज येत नाही, ठरलेले टप्पेच नसतात. एक हात हँडलवरून काढून दांडा अंदाजाने सरकवायचा आणि साखळीची खरखर थांबेपर्यंत हलकेच जुळवायचा. म्हणून चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर बदला. चढावर, खडीवर, एका हाताने ते करणं कठीण जातं. पॅडलच्या पट्ट्यांचंही तसंच: थांबायच्या आधी बक्कल ढिलं करायची सवय लावून घ्या. आदल्या दिवशी, शनिवारी, तासभर गायोलेबाहेर या दोन्ही गोष्टी गिरवल्यात तरी पुष्कळ.

चढापेक्षा मला काळजी उताराची वाटते. जुने ब्रेक आजच्यासारखे धरत नाहीत, आणि रस्त्याला जागोजागी आडव्या लाटा पडलेल्या असतात. त्यावरून वेगात गेलं की हात बधिर होतात आणि ब्रेकवरची पकड सुटते. हँडलबारचा खालचा भाग धरा, ढुंगण थोडं मागे न्या, आणि वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करा. वळणात पुढचा ब्रेक दाबायचा नाही. गाडीच्या चाकांनी घट्ट झालेले दोन पट्टे असतात, त्यातल्या एकावर राहा. मधल्या सुट्या खडीत शिरायचं झालं तर हँडल न वळवता सरळ पार करा. पाऊस पडला तर हाच रस्ता चिकट होतो आणि ब्रेकच्या रबरांत तो लगदा भरतो. त्या दिवशी सगळंच निम्म्या वेगाने करायचं.

याचा सराव पुण्यात होऊ शकतो. आपल्याकडचा मुरमाचा रस्ता या पांढऱ्या रस्त्याच्या बराच जवळचा आहे. भोर-मुळशीकडे असे रस्ते अजून आहेत. घरात किंवा मित्राकडे जुनी पोलादी सायकल पडून असेल तर ती घेऊन तिकडे जा, टायरमधली हवा थोडी कमी ठेवा आणि फक्त उताराचा सराव करा. चढ तुमचे पाय सांभाळतील.

मित्राला 135 का नको तेही सांगा. लांब मार्ग सिएनाच्या दक्षिणेला क्रेते सेनेसीच्या मातीच्या उघड्या टेकड्यांत उतरतात. तिथला मोंते सान्ते मारीये नावाचा 11 किमीहून लांब कच्चा पट्टा व्यावसायिकांनाही फोडतो. स्त्रादे बियांके तीनदा जिंकणाऱ्या फाबियान कान्चेल्लारा यांचं नाव त्या पट्ट्याला दिलंय. सगळ्यात लांब मार्गाचे 209 किमीवाले तर पहाटे अंधारातच निघतात, त्यांना दिवे सक्तीचे असतात. त्या वेळी ब्रोलिओच्या किल्ल्याकडे चढणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना ज्योती लावलेल्या असतात. सायप्रसच्या झाडांमधून वर जाणारी ती दिव्यांची रांग, साखळ्यांची कुरकुर आणि खडीवर टायरांचा आवाज, बोलत कुणीच नसतं. एकदा तेवढ्यासाठी पहाटे उठून नुसतं बघायला उभे राहा. सूर्य त्या सुमारास सव्वासातला उगवतो, म्हणजे नंतर आपल्या मार्गावर निघायला वेळ असतो.

ब्रोलिओ दिवसाही बघण्यासारखा आहे. हा रिकासोली घराण्याचा किल्ला. त्यातले बेत्तीनो रिकासोली एकसंध इटलीचे दुसरे पंतप्रधान, आणि कियांती वाईन कशी करावी हे 1872 च्या पत्रात लिहून ठेवणारेही तेच. सांजोवेसे द्राक्ष मुख्य, ही त्यांची गोष्ट टिकली. आज कियांती क्लासिको म्हणायला किमान 80 टक्के सांजोवेसे लागतंच. त्याच्याही आधी 1716 मध्ये तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने जाहीरनामा काढून या वाईनच्या प्रदेशाची हद्द आखून दिली होती. बाटलीच्या गळ्यावर दिसणारा काळा कोंबडा हे गायोले, राद्दा आणि कास्तेल्लीना या गावांच्या जुन्या संघाचं चिन्ह. तुम्ही सायकलवरून जाल ती हीच गावं.

आणि ऑक्टोबर का, तर तेव्हा तोडणी चालू असते किंवा नुकती आटोपलेली असते. नाशिककडे द्राक्ष साधारण जानेवारी ते मार्च तोडतात, इथे सप्टेंबरच्या मध्यापासून. मळ्यांची पानं पिवळी-तांबडी व्हायला लागलेली असतात, गावातल्या वाइनरीच्या दारावरून जाताना आंबलेल्या रसाचा वास येतो. द्राक्षांनी भरलेल्या ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर याच अरुंद रस्त्यांवरून जातात. आंधळ्या वळणावर आपली बाजू सोडू नका.

वाईन घेत नाही म्हणून संकोच बाळगायचं काहीच कारण नाही. ठाण्यांवर कियांतीचे ग्लास भरलेले असतात हे खरं, पण आग्रह कुणी करत नाही. पाणी भरपूर असतं. शिवाय इटलीत रक्तातल्या अल्कोहोलची 0.5 ग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, तेव्हा मित्रालाही सांगा की वाईन संध्याकाळी. मला स्वतःला ठाण्यांवरचं खाणं जास्त प्रिय आहे. शिळा पाव, घेवडा आणि काळ्या कोबीची पानं घालून शिजवलेली दाट रिबोल्लिता, ऑलिव्ह तेल ओतलेला भाजका पाव, मेंढीच्या दुधाचं पेकोरीनो चीज, द्राक्षं. वाईन आणि साखर लावलेला पावही असतो, तो तुम्ही टाळाल. शाकाहारी असाल तर रिबोल्लिता घेण्याआधी त्यात डुकराचं मांस घातलंय का हे विचारा, बहुधा नसतं पण घालणारे घालतात. आणखी एक: तस्कनीचा पाव बिनमिठाचा असतो. घाम गाळून आल्यावर तो आणि फळं एवढ्यावर भागवलंत तर दुपारी पोटऱ्यांत गोळे येतील. खिशात मिठाची पुडी ठेवा, चक्क पावावर भुरभुरा.

कागदपत्रांचं थोडक्यात. इटलीत अशा लांब पल्ल्याच्या कार्यक्रमांना डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात. कोणत्या मार्गाला ते लागतं आणि कोणत्या नमुन्यात, हे त्या वर्षीच्या नियमांत वाचून पुण्यातूनच घेऊन निघा, म्युनिकमध्ये ऐनवेळी डॉक्टर शोधत बसू नका. मार्गांची नेमकी अंतरं वर्षागणिक थोडी बदलतात, तीही तिथेच बघा. जर्मनीचा शेंगेन व्हिसा इटलीत चालतो, फक्त मुदतीत तो रविवार आणि परतीचे दिवस येतात ना ते पाहा. व्हिसासाठी 30,000 युरोचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो, पण सायकलच्या कार्यक्रमात झालेली दुखापत त्यात धरतात का हे विमा कंपनीकडून लेखी घ्या.

गायोलेला रेल्वे नाही. म्युनिकहून व्हेरोना, बोलोन्या करत फ्लॉरेन्सपर्यंत रेल्वेने एका दिवसात येता येतं. पुढे मोंतेवार्की हे जवळचं स्टेशन, तिथून डोंगर ओलांडला की गायोले. सायकल भाड्याचीच असेल तर बस किंवा टॅक्सी परवडते. गावात राहायला जागा मिळणं अवघड, सिएना किंवा मोंतेवार्कीकडे शोधा, आणि शक्यतो शुक्रवारीच पोचा. शनिवारी गावात जुन्या सायकलींचा आणि सुट्या भागांचा बाजार भरतो. ब्रेकची रबरं, पट्टे, ट्यूब असं राहिलेलं काहीबाही तिथे मिळतं. ट्यूब दोन घ्या, त्या खडीत धारदार गारगोट्या असतात.

नोंदणीत नाव नाहीच लागलं तर? तरीही जा, पण मग आठवडा दुसरा निवडा. 209 किमीचा सगळा मार्ग तपकिरी पाट्यांनी कायमचा आखून ठेवलेला आहे, वर्षभर कोणीही, कोणत्याही सायकलवर तो करू शकतं. तेव्हा तुमची आजची सायकल, 34-32 गिअर आणि 32 मिमीचे टायर बसत असतील तर तेही चालतील. शिक्के आणि ठाणी नसतील, पण पाणी गावागावांत नळांना मिळतं आणि दोन दिवसांत वाटून मुक्काम करता येतो.

तुमची उंची आणि मांडीच्या सांध्यापासून टाचेपर्यंतचं माप इथेच लिहा. भाड्याच्या सायकलीला फ्रेमचं कोणतं माप मागायचं ते सांगते. जुन्या फ्रेमची मापं आजच्या एस-एम-एल प्रमाणे नसतात, सेंटिमीटरमध्ये असतात.