बालवाडी, अंगणवाडी आणि बालवाटिका

एका वाचकाने विचारले आहे की बालवाडी, अंगणवाडी आणि बालवाटिका हे तिन्ही शब्द समानार्थी मानावेत का, आणि त्यांतील ‘वाडी’ म्हणजे बाग की वस्ती.

व्युत्पत्तीपासून आरंभ करणे सोयीचे आहे. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. तिच्यापासून ‘वाटिका’ आणि प्राकृतातून पुढे मराठी ‘वाडी’. कुंपणाच्या आत झाडे असली तर ती नारळी-पोफळीची वाडी आणि घरे असली तर गावाची वाडी, असे दोन्ही अर्थ एकाच मुळातून वाढले. त्यामुळे ‘बालवाटिका’ हा शब्द अनेकांना परका वाटत असला, तरी घडणीच्या दृष्टीने तो बालवाडीचेच तत्सम रूप आहे.

‘बालवाडी’ या शब्दात मला बागेचा अर्थ प्रधान वाटतो. जर्मनीत फ्रोबेल यांनी 1840 मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले होते. त्याचा शब्दशः प्रतिशब्द ‘बालोद्यान’ झाला असता, परंतु मराठीत तो घसरगुंडी आणि झोपाळे असलेल्या सार्वजनिक बागेकडे गेला. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढले आणि त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे महाराष्ट्रात ‘बालवाडी’ हा शब्द रुजवला. मंदिरापेक्षा वाडी हा शब्द खेड्यातील माणसाच्या तोंडी सहज बसणारा होता, ही निवड मला फार मोलाची वाटते.

‘अंगणवाडी’ची कथा याहून बोलकी आहे. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि 1957 मध्ये ते डहाणू तालुक्यातील कोसबाडला नेले. आदिवासी पाड्यांतील मुले बालवाडीच्या इमारतीपर्यंत येत नाहीत, असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात भरवली गेली. म्हणून मुळात अंगणवाडी म्हणजे अंगणात भरणारी बालवाडी: शिक्षणाची कल्पना तीच, बदलली ती जागा. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी ‘कुरणशाळा’ हा शब्दही त्याच विचारातून घडला.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले, तेव्हा मात्र अर्थ पालटला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरोदर व स्तनदा मातांची काळजी हे सारे त्यात आले, आणि शालापूर्व शिक्षण हा अनेक सेवांपैकी एक भाग उरला. म्हणूनच अंगणवाडीत ‘सेविका’ असते आणि बालवाडीत ‘शिक्षिका’ किंवा ‘ताई’.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ‘बालवाटिका’ हा शब्द पहिलीच्या आधीच्या पूर्वतयारी वर्गासाठी आला आहे. बालवाडीत तीन वर्षांचे मूलही जाते, म्हणून मूळ एक असले तरी धोरणातील बालवाटिकेची व्याप्ती बालवाडीएवढी नाही.

तेव्हा शासकीय केंद्राविषयी लिहिताना अंगणवाडी, पहिलीपूर्वीच्या त्या एका वर्षासाठी बालवाटिका आणि शालापूर्व शिक्षणाच्या वर्गासाठी सर्वसाधारणपणे बालवाडी असे लिहावे.